ब्रूबेक क्वार्टेटची कार्नेगी हॉलची मैफल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गाजलेल्या मैफलींच्या रेकॉर्डिंगबद्दलचा लेख वाचला, फार आवडला, पण त्यात सगळ्या आपल्याकडच्याच मैफली होत्या. त्या असायलाच हव्यात, पण अजून एका मैफलीबद्दल तुमच्या वाचकांना सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र. डेव्ह ब्रूबेक क्वार्टेट, म्हणजे चार अमेरिकन जाझ वादकांचा संच, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, फेब्रुवारी १९६३. पियानोवर ब्रूबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेसमंड, बासवर (खर्जाच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) यूजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेलो.

तुम्ही वर्तमानपत्रवाले म्हणून आधी एक गोष्ट सांगते. त्या दिवसांत न्यूयॉर्कमधे छापखान्यातल्या कामगारांचा संप चालू होता, डिसेंबर १९६२ ते मार्च १९६३, तब्बल ११४ दिवस. शहरातले मोठे पेपर बंद, म्हणजे कार्यक्रमाची जाहिरात नाही की बातमी नाही. आणि हॉल केवढा, तर जवळपास २८०० खुर्च्यांचा! लोकांना कळणार कसं, येणार कोण, ही धाकधूक असणारच ना. पण लोक आले, आणि रेकॉर्डिंग लावलं की पहिल्या टाळ्यांतच कळतं किती आले होते ते.

माझे वडील मिरजेत आयुष्यभर तबला शिकवायचे, जाझ वगैरे त्यांच्या कानावर कधी गेलेलं नव्हतं. मी त्यांना एकदा यातलं 'ब्लू राँडो आ ला टर्क' ऐकवलं. पहिल्यांदा ते नुसतेच कान देऊन बसले, मग उजव्या हाताची बोटं मांडीवर पडायला लागली, आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, अगं नऊ आहेत, दोन-दोन-दोन-तीन, आणि बघ चौथ्या वेळी तीन-तीन-तीन करतोय. अगदी बरोबर! ब्रूबेकला हा ठेका इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून मिळाला होता. पुढे सोलो, म्हणजे एकेकाचं वादन, सुरू झाला की नऊ मात्रा सोडून सरळ चारच्या चालीत ब्लूज (जाझचा एक मूळ प्रकार) सुरू होतो, तिथे बाबा चक्क हसले.

म्हणून मला वाटतं की जाझ आपल्याला समजत नाही असं म्हणणाऱ्या मराठी माणसाने सुरुवात याच मैफलीपासून करावी, आपले कान मात्रा मोजायला तयारच असतात. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, तीन आणि दोन. 'इलेव्हन फोर' अकरा मात्रांचं. 'थ्री टू गेट रेडी'मधे तीन मात्रांचे दोन बार (म्हणजे आवर्तनं) मग चारचे दोन बार, असं आलटून पालटून. पण हे गणित आहे असं ऐकताना कुठेच वाटत नाही, ते नुसतं वाहतं. मात्रा मोजायचा कंटाळा असेल तर नका मोजू, सुरुवातीचं 'सेंट लुईस ब्लूज' लावा आणि डेसमंडचा सूर ऐका, बारीक, गोड, अजिबात घाई नसलेला, आणि त्याच्या शेजारी ब्रूबेक दोन्ही हातांनी भरभक्कम सूर टाकतोय. स्वभावाची ही दोन टोकं, पण एक वाजवत असताना दुसरा त्याला सतत जागा करून देतो.

मोरेलोबद्दल तर किती लिहू! त्याला लहानपणापासून फार कमी दिसायचं. 'कॅस्टिलियन ड्रम्स' हा तुकडा जवळजवळ चौदा मिनिटांचा आहे आणि त्यातला बराचसा भाग तो एकटाच वाजवतो. मधे एकदा आवाज इतका खाली येतो की हॉलमधले हजारो लोक श्वास धरून बसलेत हे आपल्याला घरी बसून कळतं, मग तो हळूहळू चढत जातो, आणि शेवटी ज्या टाळ्या पडतात त्या थांबतच नाहीत. बाबा त्याला 'बोलका हात' म्हणायचे. हाच मोरेलो १९५८ साली मद्रासला आपल्या पळनी सुब्रमण्यम पिळ्ळैंच्या मृदंगाबरोबर वाजवून गेला होता, आणि त्याच दौऱ्यात मुंबईत ब्रूबेक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवायला बसले होते. म्हणजे नातं आधीपासूनचंच आहे.

आणि यूजीन राइट. त्याच्या वाट्याला सोलो थोडेच येतात पण त्याचा बास काढून घेतला तर सगळी इमारत खाली येईल. तो कृष्णवर्णीय, बाकी तिघं गोरे, आणि १९६० मधे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॉलेजांनी याच्या जागी गोरा वादक आणा म्हटल्यावर ब्रूबेकने सरळ नकार दिला, दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गेले तरी चालतील म्हणाला आणि ते खरंच गेले. हे माहीत झाल्यापासून मी ऐकताना बासकडे जास्त लक्ष देते.

शेवटी 'टेक फाइव्ह' येतं. स्टुडिओतलं १९५९ चं सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, पण इथे ते बरंच जलद आहे आणि चौघंही तापलेले आहेत, त्यामुळे तेच गाणं असूनही वेगळं वाटतं. (ही रचना डेसमंडची, आणि मृत्युपत्रात तो तिची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला देऊन गेला.)

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी अशा एका परदेशी मैफलीला जागा द्या, नुसती माहिती नको, कुठे काय ऐकायचं ते सांगणारं लिहा. आणि वाचकांना विनंती की हे मोबाईलवर दोन मिनिटं ऐकून सोडू नका, रात्री जेवणं आटपल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा, आणि घरात कोणी तबला-पखवाज शिकलेलं असेल तर त्यांना शेजारी बसवा.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज