बटण टायर आणि बर्फ

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास, "गाडी फोर-व्हील ड्राइव्ह, वरून बटण टायर घालणार, मग बर्फाची भीती कसली?" फोनवर ते अर्धवटच राहिलं, म्हणून नीट लिहिते. बाबांनाही वाचून दाखव, गाडीच्या गोष्टीत त्यांना रस असतो.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला जागेवरून उठायला मदत करते, थांबायला नाही. सिग्नल सुटला की चारही चाकांना ताकद मिळते, त्यामुळे ती शेजारच्या छोट्या गाडीपेक्षा झटकन निघते, आणि तिथेच माणूस फसतो. ब्रेक तर कुठल्याही गाडीला चारही चाकांना असतातच. ब्रेक दाबला की उरतं फक्त रबर, रस्ता आणि गाडीचं वजन. एसयूव्हीचं वजन जास्त असलं तरी वाईट टायरवर ती छोट्या गाडीइतकीच बेफाम घसरते.

आता बटणांचं. नक्षीचे मोठमोठे ठोकळे, म्हणजे बटणं, आणि मध्ये रुंद मोकळी जागा, ही रचना चिखलासाठी आहे. चाक फिरताना माती बाहेर फेकली गेली पाहिजे, नाहीतर नक्षी लिंपून टायर गुळगुळीत होतो. भुसभुशीत, खोल बर्फातही याचा उपयोग होतो. पण गाड्यांच्या वर्दळीने दाबून कडक झालेला बर्फ आणि त्यावर चढलेली काचेसारखी साय, यावर मोठं बटण नुसतं सरकतं. तिथे लागतात बारीक कडा, आणि त्याही भरपूर. म्हणून बटणाच्या पाठीवर ब्लेडने चिरल्यासारख्या नागमोडी चिरा असतात. टायर जमिनीला टेकला की त्या किंचित उघडतात, प्रत्येक कड रस्त्याला ओरखडते आणि चिरांत थोडा बर्फ अडकून राहतो. बर्फाला बर्फ चिकटतो, म्हणून तो अडकलेला बर्फ कामाचा. चिखलात टायरने माती टाकायची असते, इथे थोडा बर्फ धरून ठेवायचा असतो. दुकानात रांगडा दिसणारा टायर बर्फात चांगला असेलच असं नाही, ते यामुळे.

टायर निवडताना चिरेत व्हिजिटिंग कार्डाची कड घालून बघायची. कार्ड किती आत जातं ते मोठ्या खाचेच्या खोलीशी ताडायचं. नव्या ऑल-टेरेन (पक्क्या-कच्च्या सगळ्या रस्त्यांसाठीच्या बटण) टायरची नक्षी साधारण 10 ते 13 मिमी खोल असते, पण काहींच्या चिरा निम्म्यातच संपतात. असा टायर अर्धा झिजला की वरून दणकट दिसतो, चिरा मात्र नाहीशा झालेल्या असतात. कायद्याची किमान मर्यादा बऱ्याच ठिकाणी 1.6 मिमी आहे. ती पावसालाही कमीच, बर्फात तर 4-5 मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर माझा भरवसा नाही.

दुसरी बाब रबराची. दगडाने तुकडे उडू नयेत म्हणून ऑल-टेरेनचं रबर चिवट आणि कडक ठेवतात. थंडीत तेच आणखी ताठ होतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली पकड सोडू लागतं. थंडीतही मऊ राहावं म्हणून हिवाळी टायरच्या रबरात सिलिका जास्त घालतात, पण ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून टायरच्या भिंतीवरचं चिन्ह बघायचं. चिन्हं दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'एम+एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं नक्षीच्या मोकळ्या जागेवरून मिळतात, त्यासाठी बर्फातली चाचणी लागत नाही. दुसरं, तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. हे मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा किमान 10 टक्के जास्त पकड दाखवावी लागते. कॅनडात क्विबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हे डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर लागतात, तर ब्रिटिश कोलंबियात हिवाळ्यात फलक लावलेल्या रस्त्यांवर 3.5 मिमी नक्षी असेल तर एम+एस सुद्धा चालतो. म्हणजे एकाच गाडीचे टायर एका प्रांतात कायदेशीर आणि दुसऱ्यात दंडाला पात्र.

पण डोंगराच्या चिन्हाचंही फार कौतुक नको. उत्तर अमेरिकेतली ती चाचणी चाकाच्या खेचण्याची आहे. निसरड्या बर्फाच्या काचेवर ब्रेक किंवा वळण त्यात तपासत नाहीत. बीएफगुडरिचचा केओ2, फाल्कनचा वाइल्डपीक एटी3डब्ल्यू, टोयोचा ओपन कंट्री एटी3 असे बरेच ऑल-टेरेन टायर हे चिन्ह घेऊन येतात (तरी आपल्या मापाच्या टायरवर ते आहे का, हे भिंत बघूनच ठरवायचं). दाबलेल्या बर्फात ते बरे चालतात. पण नुसत्या आइसवर खास हिवाळी टायर त्यांच्यापेक्षा लवकर थांबतो. माझं मत विचारशील तर रोज साफ केलेल्या, पण रात्रीतून गोठणाऱ्या शहरी रस्त्यावर जायचं असेल तर हिवाळी टायरांचा वेगळा संच वेगळ्या डिस्कवर (टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकावर) बसवून ठेवावा आणि ऑल-टेरेन उन्हाळ्यात वापरावे. वर्षभर एकच संच ठेवायचा असेल, वाटेत खडीचा रस्ता आणि न उपसलेला बर्फ असेल, तरच डोंगराच्या चिन्हाचे ऑल-टेरेन घेण्यात अर्थ आहे.

मापाबद्दल तू विचारलं होतंस. समज, भिंतीवर 265/65 आर 17 112 टी लिहिलंय. रुंदी 265 मिमी, भिंतीची उंची त्याच्या 65 टक्के, म्हणजे 172 मिमी, डिस्क 17 इंची. 112 हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरवर 1120 किलो. टी म्हणजे ताशी 190 किमीपर्यंत. नव्या टायरचा भाराचा आकडा जुन्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. रुबाबासाठी लोक 65 च्या जागी 70 बसवतात. त्याने टायरचा व्यास 776 वरून 803 मिमी होतो. गाडी फक्त 13 मिमी उचलली जाते, मात्र मीटर 100 दाखवत असताना गाडी खरी 103 च्या पुढे धावते, आणि पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची शक्यता असते. त्या फटीत बर्फ गोठला की हमखास घासतो. रुंदही घेऊ नये. अरुंद टायर वरचा सैल बर्फ कापून खाली टेकतो, रुंद टायर त्यावर तरंगतो.

मापाआधी 'एलटी' अक्षरं दिसली तर जरा थांबायचं. तो हलक्या ट्रकचा टायर. भिंत जाड, टोकदार दगडाला भारी, पण एकेका टायरमागे चार-पाच किलो जास्त वजन, गाडी आदळते आणि पेट्रोल जास्त जातं. शिवाय तेवढाच भार पेलायला त्याला हवा जास्त लागते. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर हवेचा दाब 35 पीएसआय असेल तर एलटीला बऱ्याचदा चाळिशीच्या पुढे जावं लागतं, आणि नेमका आकडा भाराच्या तक्त्यातूनच काढावा लागतो. मागे बोट ओढायची नसेल आणि खाणीच्या रस्त्याला जायचं नसेल, तर एलटीची गरज नाही.

चारही टायर एकदम बदलायचे. दोन नवे, दोन जुने हा हिशोब फोर-व्हील ड्राइव्हला परवडत नाही. 10 मिमी नक्षीचा नवा टायर आणि 5 मिमी उरलेला जुना यांच्या घेरात 31 मिमीचा फरक पडतो, म्हणजे जुनं चाक दर किलोमीटरला पाच फेरे जास्त फिरतं. हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी यंत्रणा सतत सोसत राहते. ती तापते, तिचं तेल जळतं, आणि तिची दुरुस्ती चार टायरांपेक्षा महाग पडते. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असेल तर तीही जवळच्या दुकानापर्यंतच.

विकत घेताना भिंतीवरच्या डीओटी अक्षरांमागचे शेवटचे चार अंक वाचायचे. 3524 म्हणजे 2024 चा 35 वा आठवडा. हे चार अंक बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत बसवली जाते, म्हणून टायर चढवण्याआधीच बघून घ्यायचे. पहिला बर्फ पडला की चालणारी मापं दुकानातून गायब होतात, त्यामुळे हे काम ऑक्टोबरमध्येच उरकावं. नव्या रबरावर साच्याचं तेलकट आवरण असतं, ते कोरड्या रस्त्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरांत निघून जातं.

बसवताना बहुतेक चुका हबवर, म्हणजे चाक गाडीला जिथे टेकून बसतं तिथे, होतात. रस्त्यावरच्या मिठाने तिथे गंज धरतो. तो तारेच्या ब्रशने खरवडला नाही तर डिस्क सपाट बसत नाही, चाक थरथरतं, आणि नट घट्ट वाटले तरी पुढे सैल होतात. नट समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंतच आवळायचे. हवेच्या बंदुकीने ठोकून आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर हाताने सुटत नाही. 80-100 किमी चालवल्यावर रेंच पुन्हा एकदा लावायचा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यायची, नाहीतर नव्या नक्षीची एक कड दोन महिन्यांत खाल्ली जाते. पुढे दर 8 ते 10 हजार किमीला चाकं अदलाबदल. ते टाळलं की बटणं एका बाजूने झिजतात आणि गाडी घोंगावू लागते.

हवेचं मात्र नीट लक्षात घे. तापमान साडेपाच-सहा अंश उतरलं की सुमारे 1 पीएसआय कमी होतो. 20 अंशांच्या उबदार गॅरेजात 35 भरून गाडी उणे 20 मध्ये उभी केली की सकाळी 28 उरतात. आणि हवेचा इशारा देणारा दिवा साधारण 25 टक्के घट झाल्यावर, म्हणजे 26 च्या आसपास लागतो. म्हणजे टायरात हवा कमी आणि दिवा गप्प. त्यामुळे गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर, चालवण्याआधी, थंड टायरवरच हवा मोजायची.

आणखी एक. बर्फातून आल्यावर गाडी एका रात्रीत थरथरू लागली तर लगेच बॅलन्सिंगला धावायचं नाही. आधी डिस्कच्या आतल्या बाजूला हात घालून बघायचं. तिथे एका बाजूला मूठभर बर्फ गोठलेला असतो. काठीने तो पाडला की गाडी सरळ चालते.

जुने टायर टाकून देण्याआधी त्यांची नक्षी मोजून मला कळव, मग पुढचं माप ठरवू. आईबाबांना नमस्कार, वहिनीला सांग की तिच्या पत्राचं उत्तर वेगळं पाठवते. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच