डब्याची सुतळी

अमळनेर,
मार्गशीर्ष, शुक्रवार

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आप्पा, प्लास्मिडचं इंटिग्रेशन काही डोक्यात शिरत नाही. आणि तुम्ही नका त्यात पडू, ते लॅबमधलं असतं." बरं. प्लास्मिड म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं सुटं छोटं कडं, आणि ते त्याच्या मोठ्या कड्यात कसं शिरतं एवढंच ना? पण थ्री-फेजची लाईट रात्री साडेबाराला येते, तोवर मोटारीजवळ बसून करायचं काय? दिवाळीला तू विसरून गेलीस ते पुस्तक नेलं. बी.एस्सी. ॲग्री होऊन 30 वर्षं झाली. थोडं वाचून कळलं, बाकीचं सुतळीने.

पोती शिवायची पांढरी सुतळी घेतली, 46 हात, आणि टोकं बांधून कडं केलं. हा ई. कोलाय ह्या जिवाणूचा क्रोमोसोम, म्हणजे त्याच्या डीएनएचं मोठं कडं, 46 लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीची एक पायरी म्हणजे एक जोडी). लाल सुतळी एकच हात, तिचंही कडं. हा एफ प्लास्मिड, लाखभर जोड्यांचा; हा पूर्ण असला की जिवाणू दुसऱ्याला डीएनए देऊ शकतो. आता दोन्हींवर एकसारखी खूण कर. तुमचे आयएस घटक (डीएनएचे जागा बदलणारे छोटे तुकडे) म्हणजे ह्याच खुणा, इकडेही असतात नि तिकडेही. खुणेवर दोन्ही काप, आणि टोकं अदलाबदल करून बांध: लालचं पांढऱ्याला, पांढऱ्याचं लालला. हातात एकच मोठं कडं उरतं. झालं इंटिग्रेशन! मी पहिल्या रात्री उगाच दोन-दोन ठिकाणी कापत बसलो होतो. दोनदा कापलं की नुसता तुकडा बदलतो, कडं मोठं होत नाही.

क्रोमोसोमात एफ शिरलेला असा जिवाणू, म्हणजे तुमचा एचएफआर, शेजाऱ्याला डीएनए द्यायला लागला की सुरुवात लालच्या मधूनच होते. थोडी लाल पुढे, मग सगळी पांढरी, आणि उरलेली लाल अगदी शेवटी. सगळं पोचायला 37 अंशांवर साधारण 100 मिनिटं. तेवढा वेळ जोडी टिकतेच कुठे? म्हणून घेणाऱ्याला पांढऱ्यातले गुण मिळतात, पण लाल अर्धीच आल्याने तो स्वतः देणारा होत नाही. जेकब आणि वोलमन या शास्त्रज्ञांनी ठरावीक मिनिटांनी मिक्सर फिरवून ह्या जोड्या तोडल्या, आणि कोणता जीन कितव्या मिनिटाला पोचतो त्यावरून जीनच्या क्रमाचा नकाशा काढला. (आईच्या मिक्सरला मी हात लावलेला नाही.) मुळात हे देणंघेणं लेडरबर्ग आणि टेटम यांनी 1946 साली दाखवलं, तेव्हा लेडरबर्ग 21 वर्षांचा होता. 'प्लास्मिड' हा शब्दही त्याचाच, 1952चा. टोमणा समजू नकोस.

आता तुझं ते 'लॅबमधलं'.

आज सकाळी विहिरीकडच्या तुकड्यातलं हरभऱ्याचं एक झाड मातीसकट उचललं आणि बादलीत हलवून धुतलं. मुळांवर गाठीच गाठी. एक नखाने फोडली तर आत गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र धरायचं काम चालू आहे. पेरताना 10 किलो बियाण्याला रायझोबियमचं, म्हणजे ह्या गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, 250 ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळलं होतं. बांधाकडच्या चार ओळींना पाकीट पुरलं नाही, तरी गाठी तिथेही आहेत. आपल्याकडे त्यात नवल नाही. आजोबांच्या आधीपासून ह्या रानात हरभरा होतो, जिवाणू मातीत मुरलेले आहेत.

नवल घडलं न्यूझीलंडला. लोटस नावाचं चाऱ्याचं पीक, त्याच्या गाठी करणारे जिवाणू त्या मातीत नव्हतेच. म्हणून एकाच जातीचं कल्चर लावून पेरलं. सात वर्षांनी गाठी तपासल्या तर आत भलतेच जिवाणू! तिथल्याच मातीतले, ज्यांना गाठी करणं कधी जमत नव्हतं असे. कल्चरमधल्या जिवाणूच्या क्रोमोसोमातला 5 लाख बेसजोड्यांचा तुकडा सुटून त्यांच्यात गेला होता आणि एका ठरलेल्या टीआरएनए जीनपाशी (टीआरएनए प्रथिनं बनवायला मदत करतो) त्यांच्या क्रोमोसोमात जाऊन बसला होता. सलिव्हन आणि रॉन्सन यांचं हे काम, 1995 आणि 1998चं. फिरतो प्लास्मिडसारखा, मुक्काम मात्र क्रोमोसोमात. हरभऱ्याच्या गाठीतला मेसोरायझोबियम ह्याच कुळातला. पाकिटातल्या पाहुण्यांची विद्या गावातल्यांनी उचलली, हे वाचून मी मोटार चालू करायची विसरलो.

आणि कपाशी? बीटी कपाशीला आपल्याकडे 2002 साली परवानगी मिळाली. मूळ बीटी जिवाणूत अळी मारणाऱ्या प्रथिनांचे जीन बहुतेक करून प्लास्मिडवरच असतात, आणि कपाशीत तो जीन घातला तोही ॲग्रोबॅक्टेरियम ह्या, झाडात आपला डीएनए घालणाऱ्या जिवाणूच्या प्लास्मिडची युक्ती वापरून. लॅब नि शेत यांच्यामधला बांध कुठे आहे तो मला दाखव एकदा.

ट्रॅव्हल्सने डबा पाठवतोय. मेथीचे लाडू आईचे, बिबडे आजीचे. आजी म्हणते, "तिले सांग, येयवर जेवत जाय." डबा त्याच सुतळीने बांधलाय, 46 हात असल्याने जरा जास्तच बांधला गेलाय. कापू नकोस, सोड. लालच्या लगत पांढऱ्यावर शाईचा एक ठिपका दिसेल. लाल परत सुटी होताना चुकीच्या जागी कापली गेली आणि तो ठिपकाही सोबत घेऊन निघाली, तर त्या प्लास्मिडला काय म्हणतात? पुस्तकातलं नेमकं ते पान उंदराने कुरतडलंय. साडेबारानंतर फोन कर, मी मोटारीजवळच असतो.

आप्पा