गुणपत्रिका जुळवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

पाककला स्पर्धा संपली की आभार मानले जातात परीक्षकांचे आणि प्रायोजकांचे. कोपऱ्यात बसून गुणपत्रिका जुळवणाऱ्याचं नाव आलं तर शेवटी, घाईघाईत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

बेरीज करून निकाल हातात दिला असतात, तरी तुमचं काम झालं असतं. पण तुम्ही प्रत्येक परीक्षकाला ज्याचा त्याचा तक्ता काढून दिलात. एका रकान्यात त्याचे गुण, शेजारी बाकीच्यांची सरासरी, इतरांची नावं झाकलेली. ‘तुमचं चुकलं’ असं त्यात कुठेही नव्हतं आणि ते योग्यच होतं. तळाला लागल्याची चव कधीकधी एकालाच कळते, आणि नेमका तोच आकड्यांत वेगळा पडतो.

आमच्याकडे तक्रार असायची ती हात आखडून गुण देणाऱ्यांची. तुम्ही दाखवून दिलंत की एखाद्याने सरसकट दोन गुण कमी दिले तर क्रम जराही हलत नाही. हलतो तो गुणांमधल्या अंतराने. तिघांपैकी दोघांनी पहिल्या पदार्थाला 8 आणि दुसऱ्याला 7 दिले. तिसऱ्याने 5 आणि 9. बेरीज 21 आणि 23. दोघांचा कौल पहिल्याला, बक्षीस मात्र दुसऱ्याला! कुणाला दुखवायला नको म्हणून सात-आठच्या पुढेमागे न जाणारे परीक्षक निकाल आपसूक तिसऱ्याच्या हाती देतात. हे उदाहरण पाहिल्यावर दहाच्या दहा गुण वापरा, असं कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

मांडणीचे गुण घास घेण्याआधीच लिहायचे, प्रत्येकाने वेगळ्या ताटापासून सुरुवात करायची, हेही तुमचंच. आणि सर्वांत कमी गुणांशेजारी एक ओळ! ‘मीठ वरवर लागतंय, आत मुरलेलं नाही’ एवढं वाचून स्पर्धकाला जे उमगतं, ते नुसत्या 6 वरून काय कळणार?

एक ज्येष्ठ परीक्षक तक्ता पाहून रागावले होते, आठवतंय ना? पुढच्या फेरीआधी तोच त्यांनी स्वतःहून मागून घेतला.

पुढच्या वेळी स्पर्धेबाहेरचा एक पदार्थ आधी सगळ्यांनी चाखून, गुण देऊन, त्यावर बोलायचं ठरलंय. तेव्हा तुम्ही कोपऱ्यात नाही, परीक्षकांच्या टेबलाशीच बसायचं.

तुमची,
आयोजक मंडळातली एक