मंद्र सूर कुठे गेला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील प्रोग्रेसिव्ह रॉकवरचा, म्हणजे दीर्घ आणि गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या रॉकवरचा, लेख वाचला. बँडने शैली बदलली की जुने चाहते रुसून बसतात, असा त्याचा एकंदर सूर आहे. ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा ब्रिटिश बँड वीसहून अधिक वर्षे ऐकत आलेला श्रोता म्हणून मला तो अर्धाच पटला, आणि न पटलेल्या अर्ध्या भागासाठी हे पत्र लिहीत आहे.

बदल या बँडच्या स्वभावातच आहे. 1987 मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी घरी एकट्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांतून तो सुरू झाला. नव्वदच्या दशकातील त्यांचे संगीत तरल आणि ऐसपैस होते. 1999 च्या ‘स्टुपिड ड्रीम’ या अल्बमपासून नेटकी, गुणगुणता येण्याजोगी गाणी आली आणि 2002 च्या ‘इन अ‍ॅब्सेन्शिया’त मेटल या आक्रमक रॉकप्रकारातली वजनदार गिटार. ही सीडी मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली, तेव्हा माझे वयाने मोठे असलेले मित्र ‘हा आता आपला बँड राहिला नाही’ म्हणून हळहळत होते आणि मी त्यांच्याशी हिरिरीने भांडत होतो. याच अल्बमपासून गेव्हिन हॅरिसन ड्रमवर आले. शाळेत असताना तबला शिकलो असल्याने त्यांच्या वादनात सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, शोधण्याचा मला नादच लागला. सम हातून निसटली असे वाटावे आणि पुढच्याच क्षणी ती नेमकी समोर उभी राहावी, असा त्यांचा हिशेब असतो. 2007 च्या ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’मधील सुमारे 17 मिनिटांचे गाणे ऐकताना तर विलंबित ख्यालाला लागतो तसा धीर धरावा लागतो, आणि तो धीर कधी वाया जात नाही.

डिसेंबर 2009 मध्ये हा बँड पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ या विद्यार्थ्यांच्या महोत्सवासाठी आला होता. कांजूरमार्गला उतरून रिक्षाने आम्ही तिघे गेलो होतो. विल्सन त्यांच्या रिवाजाप्रमाणे अनवाणी गात होते, पण माझी नजर बेस गिटार वाजवणाऱ्या कॉलिन एडविन यांच्यावरून हलत नव्हती. त्यांचा खर्ज कानांआधी छातीत जाणवत होता. शेजारी उभा असलेला एक अनोळखी मुलगा डोळे मिटून आपल्या पाण्याच्या बाटलीवर बोटांनी तोच ठेका धरून होता, आणि गाणे संपल्यावरही त्याची बोटे थोडा वेळ थांबली नाहीत.

पुढच्याच वर्षी बँड थांबला. 2022 मध्ये ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ हा अल्बम आला तेव्हा त्यावर विल्सन, हॅरिसन आणि कीबोर्डवर रिचर्ड बार्बिएरी, एवढेच तिघे होते. 1993 पासून सोबत असलेले एडविन नव्हते. बेस विल्सन यांनी स्वतःच वाजवला आहे. यातील काही रचना तर विल्सन बेसवर आणि हॅरिसन ड्रमवर एकत्र वाजवत असताना सुचलेल्या आहेत, त्यामुळे जो बेस पूर्वी जोत्याच्या दगडासारखा खाली राहून सगळा भार पेलत होता, तो आता पुढे येऊन स्वतःच बोलू लागला आहे. ते वादन धारदार आहे, मला आवडतेही, आणि तो अल्बम मी अजून लावतो. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला कान खाली काही तरी शोधू लागतात आणि ते तिथे नसते.

शैली बदलणे आणि माणूस गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या लेखाने त्यांची गल्लत केली आहे. विल्सन यांनी स्वतःच्या नावावर 2017 मध्ये पॉपच्या वळणाची गाणी केली, 2021 मध्ये इलेक्ट्रॉनिक अल्बम काढला, आणि 2025 मध्ये अवघ्या दोन दीर्घ रचनांचा ‘द ओव्हरव्ह्यू’. यांतले मला सगळेच रुचले नाही, पण त्याबद्दल तक्रार करावी असे कधी वाटले नाही, कारण तो त्यांचा एकट्याचा प्रवास आहे. बँड मात्र चौघांच्या कानांतून घडलेला होता.

आपल्याच दैनिकात शास्त्रीय मैफलीचा वृत्तांत येतो, तेव्हा तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची नावे आवर्जून छापली जातात. रॉकवरील लेखांतही हीच रीत पाळावी, एवढी विनंती आहे. पुरवणीतील त्या लेखात विल्सन यांचे नाव अनेकदा आले आहे. एडविन यांचे एकदाही नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई