‘न बसणारं काडतूस आत जातच नाही’ हे वाक्य मागे घ्या

महोदय,

कालच्या अंकात नेमबाजीच्या रेंजवर बंदूक फुटल्याच्या अपघाताबद्दल जे छापलंय ते वाचून रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलोय. बातमीबद्दल तक्रार नाही. पण शेजारच्या चौकटीत ‘जाणकारांचं मत’ म्हणून जे दिलंय, की चुकीच्या बोअरचं, म्हणजे नळीच्या चुकीच्या मापाचं, काडतूस बंदुकीत बसतच नाही त्यामुळे अदलाबदलीची भीती नको, ते साफ चुकीचं आहे आणि ते वाचून कुणी निर्धास्त झालं तर त्याची बोटं जातील. मी उगाच भडक लिहीत नाहीये. माझ्या काकांची दोन गेली.

मोठं काडतूस लहान बंदुकीत जात नाही हे कबूल. पण लहान काडतूस मोठ्या बंदुकीत जातं ना! बारा बोअरच्या नळीचं भोक साधारण 18.5 मिलिमीटर आणि वीस बोअरचं 15.6, आकडा मोठा म्हणजे भोक लहान. एक पौंड शिशाच्या सारख्या वीस गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा व्यास म्हणजे वीस बोअर, असा तो जुना हिशोब आहे, आणि नवीन माणूस नेमका इथेच उलटं समजतो. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, टाकलं की ते काठावर थांबत नाही, सरळ आत घसरतं आणि चेंबर संपून नळी जिथे निमुळती होते तिथे त्याच्या बुडाची कड अडकून बसते.

काकांचं हेच झालं. त्यांची बारा बोअरची दुनळी, ताईची वीस बोअर, दोघं एकाच दिवशी रेंजवर. उडत्या चकत्यांवर नेम धरायचा, म्हणजे घाई असतेच. काकांनी खटका ओढला, नुसता टक असा आवाज. थोडं थांबून बंदूक बिजागरीवर उघडून बघितली तर चेंबर रिकामं, पुंगळी (काडतुसाचं कवच) नाही काही नाही. त्यांना वाटलं आपण भरायलाच विसरलो. खिशातून दुसरं काढलं, ते बाराचं होतं, ते अगदी व्यवस्थित बसलं, कारण आधीचं वीसचं त्याच्या पुढे सात सेंटिमीटर आत अडकलेलं होतं आणि वरून बघताना दिसत नव्हतं. पुढचा बार उडाला तेव्हा नळी चेंबरच्या जरा पुढे फाटली, म्हणजे डाव्या हाताने बंदूक जिथे धरतात बरोबर तिथे.

सकाळी त्या जॅकेटच्या खिशात काडतुसं मी भरली होती. टेबलावर दोन्ही खोकी उघडी होती, काही सुटी पडलेली, आवरायला म्हणून मी सगळी गोळा केली आणि खिशात टाकली. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याच कारणासाठी, पण खिशात हात घातल्यावर रंग दिसत नाही हो, आणि नजर तर चकतीवर असते. काकांनी मला त्याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. लोक मात्र कितीतरी वर्षं म्हणत राहिले की बंदूकच जुनी होती, कधीतरी फुटणारच होती. बंदूक ठणठणीत होती! फाटलेल्या नळीत ते पितळी बूड सापडलं होतं. म्हणून कालच्या बातमीत ‘बंदुकीत तांत्रिक बिघाड असावा’ हे वाक्य वाचलं तेव्हा माझा तोल गेला, कारण चौकशी व्हायच्या आधीच तुम्ही दोष बंदुकीवर टाकून मोकळे झालात.

हे फक्त छऱ्याच्या बंदुकीत होतं असंही नाही. तीनशे ब्लॅकआउट नावाचं रायफलीचं काडतूस बनवलंच असं आहे की 5.56 मिलिमीटरच्या रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) तेच चालतं, बदलायची फक्त नळी. सोय म्हणून छान. पण ब्लॅकआउटने भरलेलं मॅगझिन 5.56 ची नळी असलेल्या रायफलीत लावलं तर? गोळी 7.8 मिलिमीटरची, नळी 5.7 ची. गोळी हलकी आणि आखूड असली किंवा पुंगळीत सैल बसलेली असली तर बोल्ट बंद होताना ती मागे दाबली जाते, बोल्ट बंद होतो, आणि मग खटका ओढल्यावर गोळीला पुढे जायला वाटच नाही. रायफल हातात फुटते. म्हणजे ‘बोल्ट बंद झाला म्हणजे काडतूस बरोबर आहे’ ही खात्रीसुद्धा खोटी.

जे घरी रिकाम्या पुंगळ्यांत बंदुकीची दारू आणि गोळी घालून काडतुसं भरतात त्यांच्यासाठी तर आणखी वाईट. ब्लॅकआउटच्या पुंगळ्या पुष्कळजण 5.56 च्याच किंवा जवळपास त्याच मापाच्या टू-टू-थ्रीच्या कापून, आखूड करून बनवतात, आणि बुडावरचा मापाचा शिक्का जुनाच राहतो. शिक्का वाचून ओळखायला जाल तर शिक्काच चुकीचं सांगणार! मी स्वतः आता भरतो, पण टेबलावर एका वेळी एकच कॅलिबर आणि दारूचा एकच डबा, दुसरा डबा कपाटात गेल्याशिवाय पहिला बाहेर येत नाही. पिस्तुलाची भराभर जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत गेली तर काय होतं ते सांगायला नको, आणि दिसायला बऱ्याच दारू सारख्याच करड्या, डोळ्यांनी फरक कळत नाही. कुठली आहे याची शंभर टक्के खात्री नसलेली उरलीसुरली दारू मी वापरत नाही, टाकून देतो. मित्र म्हणतात फार करतोस. त्यांनी काकांचा हात बघितलेला नाही.

चूक आधीच ओळखून अडवता येते, हेही तुमच्या जाणकारांना सांगा. 1935 साली थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम हे रिव्हॉल्वरचं काडतूस आणलं तेव्हा त्याची पुंगळी आधीच्या थर्टी-एट स्पेशल काडतुसापेक्षा तीनेक मिलिमीटर मुद्दाम लांब ठेवली, जास्त दाबाचं काडतूस कमी ताकदीच्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये म्हणून. ‘बसतच नाही’ हे तिथे खरं आहे, कारण कुणीतरी बसून विचार केला होता. सगळीकडे तसं नाही.

आणखी एक. त्याच चौकटीत ‘55 ग्रॅम वजनाची गोळी’ असं छापलंय. ग्रॅम नाही, ग्रेन. 55 ग्रेन म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, पंधरा पटींहून जास्त फरक आहे. गोळीचं वजन चुकलं तर वाचक फार तर हसतील, पण दारूसुद्धा ग्रेनमध्येच मोजतात आणि वजनकाट्यावर दोन्ही एककांची बटणं शेजारी शेजारी असतात. याआधी मी एकदा हेच कळवलं होतं तेव्हा तुम्ही पत्र छापलंत पण नेमका ग्रेनचा परिच्छेद कापलात, जागा नव्हती म्हणे. चौकटीला जागा होती.

तेव्हा या वेळी कापायचंच असेल तर काकांचं कापा, ते मला चालेल. ‘बसतच नाही’ आणि ग्रॅम, या दोन्हींची दुरुस्ती मात्र त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात यायला हवी, आणि या रविवारच्या आत, कारण रविवारी रेंजवर नवीन मुलं येतात.

आपला,
एक जुना वाचक