आजीच्या सोहळ्याआधी कॅमेरा घेतोयस म्हणून

रामबाग, इंदूर

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता नीट वाचला. दोन मिररलेस (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) बॉड्या, दोन्ही नव्या कोऱ्या, मेगापिक्सेल, व्हिडिओ, वजन, हप्ता किती, सगळं मांडलंयस. लेन्सच्या रकान्यात मात्र दोन्हीकडे ‘किट लेन्स सोबत’ एवढंच लिहिलंय, म्हणजे बॉडीबरोबर मिळणारी साधी झूम. मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. तुझ्या हातात जेवढे पैसे आहेत, त्यांतले जास्तीत जास्त लेन्सकडे जायला हवेत आणि बॉडी जुनी घेतली तरी चालेल.

का ते सांगते. तू स्वतः म्हणालास, ‘आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मीच काढणार.’ आजीने हे शेजारच्या काकूंना दोनदा सांगून झालंय. तेव्हा आपण हिशेब त्या संध्याकाळपासूनच मांडू. औक्षण माजघरात होईल. तिथे एक ट्यूबलाइट आहे, खिडकी पूर्वेला, म्हणजे संध्याकाळी तिचा काही उपयोग नाही. बाकी उजेड ताटातल्या दिव्यांचा. अशा खोलीत आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) १६०० ठेवून आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ २ वर उघडून शटर साधारण १/१०० सेकंद मिळतं. तेवढ्यात आजीचा चेहरा स्वच्छ येतो. किट लेन्स झूम करून ५५ मिमीवर नेलीस की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ च्या पुढे उघडतच नाही. तिथे तोच उजेड घ्यायला शटर १/१२ च्या आसपास ठेवावं लागतं. आजीची मान बोलताना सारखी हलते, आणि ओवाळणाऱ्या आत्याचा हात तर थांबणारच नाही. सगळं पुसट येईल. शटर वेगात ठेवण्यासाठी आयएसओ १२८०० वर नेलास, तर चेहऱ्यावर रवाळ दाणे येतील आणि आजीच्या सुरकुत्यांचा बारकावा त्यांत बुडून जाईल. मला तो बारकावा हवा आहे.

हे एफचे आकडे सुरुवातीला उलटे वाटतात, म्हणून एकदा मोजून बघ. फोकल लेंथला (लेन्सवर लिहिलेल्या मिमीला) एफच्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास येतो. ५० मिमीची १.८ लेन्स म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटरचं भोक. ५५ मिमीवर ५.६ म्हणजे जेमतेम १० मिलिमीटरचं. सेन्सरवर पडणारा उजेड या दोहोंत नऊ-दहा पटींनी कमीजास्त होतो. बॉडी कितीही महाग घेतलीस तरी हा फरक ती भरून काढणार नाही.

आता कोणती लेन्स. सगळे जण ‘निफ्टी फिफ्टी’ म्हणून ५० मिमी १.८ सुचवतील. ती आपल्या घरात आहेच, बाबांची, फिल्मच्या जमान्यातली. पण माजघरासाठी मी तुला ३५ मिमी घ्यायला सांगीन. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरवर, ५० मिमी लावून दोन मीटरवरून फोटो काढलास, तर चौकटीत जेमतेम मीटरभर रुंदी मावते. आजी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन सुना बसल्या की एकीचा खांदा कापला जाणारच. मागे सरकायला तिथे जागा नाही, पाठीला देवघराची भिंत लागते. ३५ मिमीवर त्याच अंतरावरून सव्वा मीटरहून जास्त रुंदी मिळते. निकॉनची ३५ मिमी १.८ डीएक्स (क्रॉप सेन्सरसाठीची) लेन्स हलकी आहे, २००९ पासून बाजारात असल्यामुळे जुनीही सहज मिळते. एकट्या आजीचा चेहरा टिपायचा असेल तेव्हा ५० लाव, त्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही.

लेन्स १.८ ची आहे म्हणून सगळे फोटो १.८ वर काढू नकोस. ५० मिमीने दीड मीटरवरून १.८ वर काढलेल्या फोटोत साधारण सहा सेंटिमीटरची खोली तेवढी स्वच्छ येते. आजीचा डोळा नेमका आला तर कानातली कुडी धूसर होते. एकटीचा फोटो २ किंवा २.८ वर काढ आणि फोकसचा एकच बिंदू निवडून तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेव. सगळी मंडळी दोन रांगांत बसली की ४ किंवा ५.६ लागेल, म्हणून तो फोटो दुपारीच अंगणात उरकून घेऊ. फ्लॅश समोरून अजिबात मारू नकोस. दिव्यांच्या उजेडाने चेहऱ्यावर जी तांबूस झळाळी येते ती त्या एका चमकेने जाते, आणि मग ताटातले दिवे पेटवले काय नि नाही काय, सारखंच. शटर १/१०० च ठेव, कारण आपल्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. त्याहून वेगाने काढलेल्या फोटोत कधीकधी आडवे काळसर पट्टे उमटतात. ट्यूबलाइट आम्ही त्या वेळापुरती बंद करून पिवळा बल्ब लावू, म्हणजे दिव्यांशी रंग जुळेल. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने रंगरूप न बदललेल्या कच्च्या फाइलमध्येच काढ. रंग नंतर बसून सावकाश सारखा करता येतो.

बॉडीचं आता. मिररलेस हेच पुढचं आहे, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ माउंट (लेन्स बसवायची कडी) २०१८ साली आणलं आणि तेव्हापासून दोघांचा सगळा भर तिकडेच आहे. पण त्यामुळेच चांगले डीएसएलआर, म्हणजे आरशाचे कॅमेरे, आज कमी पैशांत मिळतायत, कारण लोक ते विकून नवीन घेतायत. हौशी माणसाला याहून चांगली संधी कोणती? शिवाय आरशातून दिसणारं दृश्य पडद्यावरचं नसून खरा उजेड असतो. मला सकाळी तळ्यावर डोळा लावून बसायला अजून तेच आवडतं, आणि तासन्‌तास बघत राहिलं तरी बॅटरी उतरत नाही.

माझं मत निकॉन डी७२०० च्या बाजूने आहे. २०१५ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, दोन कार्डांची सोय. त्याचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. आणखी एक कारण आपल्या घरातलं आहे. बाबांच्या ५० मिमीत फोकसची मोटर नाही, ती बॉडीत असावी लागते. डी३५०० किंवा डी५६०० घेतलास तर ती लेन्स बसेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. झेड बॉडीवर जुन्या लेन्स जोडायचा निकॉनचा अ‍ॅडाप्टर लावलास तरी तेच. डी७२०० मध्ये मोटर आहे, त्यामुळे ती लेन्स नव्यासारखी चालते. फक्त लावताना लेन्सवरची अ‍ॅपर्चरची कडी २२ वर फिरवून तिथला छोटा खटका सरकवून ठेव. नाहीतर वरच्या पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरं येतात आणि शटर दबत नाही. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासून चालत आलंय, म्हणून तर वडिलांची लेन्स मुलाच्या कॅमेऱ्यावर बसते. माझी ७०-३०० मिमीची झूम सुद्धा तुला वापरता येईल. पुढे कधी झेड घेतलीस, तर ३५ आणि ७०-३०० दोन्ही अ‍ॅडाप्टरवर ऑटोफोकससकट चालतील. लेन्सवर घातलेला पैसा वाया जाणार नाही.

जुनी वस्तू घेताना घाई करू नकोस. विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेला एक जेपेग फोटो मागून घे. निकॉनमध्ये शटर किती वेळा चाललं हा आकडा फोटोच्या आतल्या माहितीतच असतो. लेन्स हातात आली की दोन्हीकडची झाकणं काढ, अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, मागून मोबाइलचा टॉर्च मार आणि तिरकं धरून आत बघ. धुळीचे चार कण असले तरी फोटोत काही कळत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे कडेकडेने पसरलेले दिसले तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त असो, तशीच परत कर, कारण ती वाढत जाते आणि काचेवरचा लेप खाते. फोकसची कडी फिरवताना रवाळ लागते का, माउंटची कडा ठोकर लागून चेपली आहे का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, हेही बघ. बॅटरी मूळ कंपनीचीच हवी.

माणसांचे फोटो काढून झाले की तुला बाहेर पडावंसं वाटेल, वाटायलाच हवं. सिरपूरच्या तळ्यावर थंडीत ये. २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) जागा मिळाली, पण आमच्यासाठी ते होळकरांच्या वेळेपासूनचं आपलं तळंच आहे. तिथे शेकाट्या, हळदी-कुंकू बदकं, खंड्या, कधी जांभळा बगळा, सगळे भेटतात. पक्षी उडता टिपायचा तर शटर निदान १/१००० हवं. तिथला खरा धडा मात्र पांढऱ्या बगळ्याने मला शिकवला. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. काळसर पाण्यात एकटा बगळा उभा असेल, तर मीटर पाण्याकडे बघून फोटो उजळवतो आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा ठिपका उरतो. तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे एक करायचं, क्वचित त्याहूनही खाली. उलट बगळ्यांचा थवाच चौकट भरून असेल तर अधिक करायचं, नाहीतर पांढरी पिसं मळकट येतात. हे एकदा हाताला बसलं की आजीच्या पांढऱ्या केसांनाही लागू पडेल, आणि मागे अंधार असला की तर फारच.

राजवाड्यापाशी वेगळी पंचाईत होते. सात मजले, खालचे दगडी, वरचे लाकडी. फाटकाजवळ उभं राहून कॅमेरा वर केलास की सगळी इमारत मागे पडतेय असं दिसतं, उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. याच शहरात लाला दीनदयाळ १८६६ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि पुढच्या दशकात त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्या काळच्या मोठ्या पेटीच्या कॅमेऱ्यांत काचेची प्लेट सरळ उभी ठेवून नुसती लेन्स वर सरकवता यायची, म्हणून जुन्या फोटोंत वाडे ताठ उभे दिसतात. आपल्याकडे ती सोय नाही. समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्याही मागे जा, कॅमेरा जमिनीला समांतर धर, हाताशी असेल ती सर्वांत रुंद लेन्स लावून काढ आणि खालचा नको असलेला रस्ता नंतर कापून टाक. दीनदयाळांचे फोटो मात्र जरूर बघ, मोठ्या आकारात, एकेक फोटोला वेळ देऊन. वास्तूच्या कोणत्या बाजूवर ऊन कधी पडतं याची वाट त्यांनी किती धीराने पाहिली असेल, ते त्यांतल्या सावल्यांवरून कळतं.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, कॅमेरा घेऊन खाली उतरू नकोस. टँकरचं पाणी आणि तोफांतून उडणारा गुलाल, दोन्ही आत शिरतात. गुलाल झूमच्या नळीत एकदा गेला की निघत नाही. कोणाच्या तरी गच्चीवरून ७०-३०० ने काढ, आणि तिथेही लेन्स बदलू नकोस.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचा नाही, बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि दाण्यांचा रंग बदलला की त्या बदल. याहून जरुरीचं म्हणजे कॅमेरा वापरत राहा, त्याला उजेड आणि हवा लागू दे.

सोहळ्याच्या आधी निदान महिनाभर कॅमेरा तुझ्या हातात हवा. नवा कॅमेरा घेऊन थेट कार्यात उभा राहिलास तर तुझं सगळं लक्ष बटणांत जाईल आणि आजी कोणाकडे बघून हसली ते निसटेल. पुण्यात खोलीवर रात्री दिवा लावून मित्राला समोर बसव आणि वर लिहिलेल्या आकड्यांवर सराव कर. आजीला फोटो काढताना सांगू नकोस, ती लगेच पदर सावरून ताठ बसते. तिच्याशी बोलत राहा, लहानपणच्या उज्जैनच्या गोष्टी विचार. त्या सांगताना तिचे डोळे जसे होतात, तसा तिचा एकही फोटो आपल्याकडे नाही.

बॉडी बघायला जाशील तेव्हा तिच्यावर कोणतीही लेन्स लावून, अ‍ॅपर्चर १६ वर ठेवून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा एक फोटो काढ, फोकस मुद्दाम बिघडवून. सेन्सरवर डाग किंवा ओरखडा असेल तर तो त्यात करडा ठिपका होऊन दिसतो. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. तो फोटो मला मूळ आकारात मेल कर, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे तो आकसतो. मी बघून फोन करीन, मग पैसे दे. ३५ मिमीचे पैसे मी आणि बाबा देतोय, आजीच्या सोहळ्यानिमित्त, त्यावर वाद नको.

तुझी
आई