आईच्या हातचं मीठ

पुणे,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

काल फोन ठेवल्यावर रात्रभर झोप आली नाही. आई, तू रडत रडत म्हणालीस, "माह्या हाताच्या मिठानंच तुह्या बाबाचे पाय सुजले वो बाई." दिवाळीत आत्या चार माणसांत बोलून गेली की वहिनीचा हातच खारट आहे. ते तू मनात घेऊन बसलीस हे मला कालच कळलं. फोनवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात आणि तू लगेच माझ्या जेवणाची चौकशी करतेस, म्हणून लिहून पाठवते. दादाला म्हणावं, जेवणं झाल्यावर सावकाश वाचून दाखव.

आधी हे ऐक, आई. दसऱ्यापासून आपल्या घरात लोणचं नाही, पापड नाही, खारातली मिरची नाही. बाबांचं वरण तू मीठ टाकायच्या आधी बाजूला काढतेस, आणि दादा सांगतो की तूही तेच अळणी वरण खातेस. तरी संध्याकाळी बाबांच्या घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडतो. मग ते मीठ आलं कुठून? मी चार वर्षं प्रयोगशाळेत याच प्रश्नावर काम करून राहिले आणि तुम्हाला मात्र कधी नीट सांगितलं नाही. विचारलंत की "किडनीचं काहीतरी" म्हणून मोकळी व्हायची. ते चुकलंच माझं.

फवारणीला आपण दोनशे लिटरचा ड्रम भरतो ना, जवळजवळ तेवढं पाणी, म्हणजे दिवसाला १८० लिटर, माणसाच्या दोन्ही किडन्या रक्तातून गाळून काढतात. त्या पाण्यात दीड किलोच्या आसपास मीठ असतं. दुकानातले दीड पुडे! ते सगळं लघवीतून गेलं तर माणूस एक दिवसही जगणार नाही. म्हणून किडनीतल्या बारीक नळ्या त्यातलं शंभरातलं नव्व्याण्णव भाग मीठ परत रक्तात ओढून घेतात. आई, तू वरणात टाकतेस ती चिमूट या दीड किलोपुढे केवढी, ते तूच बघ. कमी मीठ खायचंच आहे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याएवढं, तेही लोणचं-पापडातलं धरून. पण आत गेलेल्या चिमटीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे की किडनी किती मीठ सोडते आणि किती धरून ठेवते.

हा हिशेब नळीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात ठरतो. तिथे सोडियम परत घेणारी इवली इवली दारं आहेत, त्यांना ईनॅक म्हणतात. मिठातलं सोडियम ते हेच. प्रत्येक दार तीन प्रथिनांचं मिळून बनलेलं. पऱ्हाटीत डवरा चालतो तेव्हा बाबा बैलांना मुसकी बांधतात, नाहीतर बैल तासातासानं पीक खात जातील. या तिघांतल्या दोघांनाही तशीच मुसकी असतात. ती बाहेरून आणून बांधलेली नसतात, त्या प्रथिनाच्याच धाग्याचा एकेक तुकडा असतो. तो तुकडा जागेवर असेपर्यंत दार बहुतेक वेळ मिटलेलं राहतं. तो दोन्ही बाजूंनी कापून निघाला की दार उघडं राहायला लागतं आणि मीठ खात सुटतं.

कापतं कोण? प्रोटीज नावाची एन्झाइम. प्रथिनं कापणाऱ्या कात्र्याच म्हणा. एका प्रथिनाचं मुसकं पेशीच्या आतच फ्युरिन नावाची कात्री काढून टाकते. दुसऱ्याचं ती एकाच बाजूनं कापते. दुसरी बाजू दार नळीच्या भिंतीत बसल्यावर कापली जाते, तेव्हा ४३ अमिनो आम्लांचा तुकडा गळून पडतो. १९९७ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांना दार उघडणारी अशी एक कात्री बेडकाच्या किडनीच्या पेशींत सापडली. आपल्या किडनीत तिच्याच जातीची प्रोस्टॅसिन असते. बेडकापासून माणसापर्यंत हीच व्यवस्था आहे, आणि मुळात ती चांगली आहे. चैत्र-वैशाखात वावरातून घाम गाळून आलात की अंगातलं मीठ कमी झालेलं असतं. तेव्हा अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्यानं ही दारंही वाढतात आणि त्यांची कापणीही. मीठ वाचतं, माणूस वाचतो.

बिघाड कुठे होतो ते दादानं पाठवलेल्या रिपोर्टात दिसलं. लघवीच्या तपासणीत प्रोटीनसमोर तीन अधिक चिन्हं आहेत. बाबांना शुगर होऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांच्या शुगरनं किडनीची गाळणी विरळ होऊ शकते, जुन्या धोतरासारखी, आणि रक्तात राहायला हवी ती प्रथिनं लघवीत उतरतात. लघवीला फेस येतो म्हणत होते ना बाबा, तो त्याचाच.

त्या उतरणाऱ्या प्रथिनांत प्लाझ्मिनोजेन असतं. विळ्यानं बोट कापलं की रक्ताची गाठ धरते, आणि पुढे ती गाठ विरघळवायला शरीर यातूनच प्लाझ्मिन बनवतं. तीही कात्रीच. रक्तात ती कामाची. पण गाळणीतून निसटून नळीत गेली की तिथलं युरोकायनेज नावाचं एन्झाइम तिला धार लावतं आणि ती थेट मुसक्यावर चालते. २००९ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी किडनीच्या रुग्णांच्या लघवीतलं प्लाझ्मिन ही दारं उघडतं हे दाखवलं. शुगरनं किडनी बिघडलेल्यांच्या लघवीतही ते सापडलंय. प्लाझ्मिन एकटंच मात्र नाही. जर्मनीत प्लाझ्मिनोजेनच नसलेल्या उंदरांची गाळणी बिघडवून पाहिली, तरी त्यांच्या अंगात मीठ साठलं. आणि अशा कात्र्यांची धार बोथट करणारं ॲप्रोटिनिन नावाचं औषध उंदरांना दिलं, तेव्हा साठलं नाही. म्हणजे कात्र्या अनेक आहेत. मी जे काम करते ते यातलंच, कोणती कात्री नेमकी कुठे चालते ते शोधण्याचं.

म्हणून सांगते आई, गळकी गाळणी असली की माणूस कमी मीठ खाऊनही ते साठवत जातो. मिठामागे पाणी, पाण्यामागे सूज आणि बीपी. आत्याला हे मी स्वतः सांगणार आहे. तुझ्या हाताचा यात काही दोष नाही.

बाबा, आता तुमच्याशी. जुलैत तुम्ही एनालाप्रिल, म्हणजे तुमची बीपीची गोळी, आपल्या मनानं बंद केली. कोरडा खोकला सुटत नव्हता. तुम्ही म्हणालात, फवारणीचं औषध नाकात गेलं. पारावर कोणी म्हणालं, गोळी बाधली. मी फोनवर तो खोकला ऐकला आणि वाफ घ्या म्हणाले. मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. याचं मला फार वाईट वाटतं.

तो खोकला गोळीचाच असणार, आणि त्याचंही कारण एक कात्रीच आहे. किडनीतून रेनिन सुटतं. १८९८ साली स्वीडनमध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांना ते सशाच्या किडनीत सापडलं. रेनिन रक्तातलं एक लांब प्रथिन कापतं, त्या तुकड्याला एसीई नावाचं दुसरं एन्झाइम पुन्हा कापतं, आणि जे उरतं त्यानं रक्तवाहिन्या आवळतात, अल्डोस्टेरॉन वाढतं. तुमची गोळी एसीईला थांबवते. पण एसीई ब्रॅडिकायनिन नावाचा आणखी एक पदार्थही तोडत असतं. एसीई थांबलं की तो साठतो आणि काहींना खोकला सुरू होतो. हे ब्रॅडिकायनिन १९४९ साली ब्राझीलमध्ये रोशा इ सिल्वा यांना जराराका सापाच्या विषावर काम करताना मिळालं. त्याच सापाच्या विषातून धागा धरत या जातीची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, तयार झाली आणि १९८१ मध्ये बाजारात आली. पऱ्हाटीत साप दिसला की तुम्ही काठी बाजूला ठेवून त्याला वाट देता, म्हणून मुद्दाम सांगावंसं वाटलं.

खोकल्यावर इलाज आहे, बाबा. टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा गोळ्या एसीईला हात न लावता पुढच्या पायरीवर काम करतात, त्यांनी सहसा खोकला होत नाही. बीपीसोबत लघवीतलं प्रोटीनही त्या कमी करतात, आणि तुम्हाला तेच हवंय. कोणती द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही फक्त "मी गोळी सोडली होती आणि खोकला होता" एवढं त्यांना खरं खरं सांगा. ते रागावले तरी सांगा. गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं, ते टाळू नका.

गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणता, ते आजपासून बंद. त्यानं मीठ आणखी साठतं, किडनीला मार बसतो आणि बीपीची गोळी लागू पडत नाही. मामानं आणलेलं सैंधव म्हणजेही मीठच, ते औषध समजून वर पेरू नका. आणि तो "कमी सोडियम"वाला पुडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका. त्यात पोटॅशियम असतं, अशा किडनीत आणि अशा गोळ्यांसोबत ते रक्तात धोक्याइतकं वाढू शकतं.

चण्याच्या ओलिताला रात्रीची लाइन आहे हे माहीत आहे मला. या आठवड्यात दादाला जाऊ द्या. सुजल्या पायांनी अंधारात बांधावरून चालू नका, हे हात जोडून सांगते.

मी शनिवारी सकाळी धामणगावला उतरते, तिथून बसनं येते. सोमवारी आपण तिघंही दवाखान्यात जाऊ, जुने सगळे रिपोर्ट पिशवीत काढून ठेवा. आई, रविवारी पाटवडी कर. बाबांच्या रश्शात मीठ बेतानं टाक, पण माझ्या ताटात चवीपुरतं वाढ, आणि तुझ्याही.

तुमची,
बेबी